तीन नंबरची पुडी

मी कंपाउंडर होतो. आता हा शब्द ऐकला की घरातल्या पोरांना हसू येतं, पण त्या काळी नाशकात डॉक्टरांच्या टेबलापेक्षा कंपाउंडरच्या खिडकीसमोर जास्त गर्दी असायची. डॉक्टर नाडी बघणार, चिठ्ठीवर दोन आकडे खरडणार, की पुढचं सगळं माझ्या हातात. खल, बत्ता, बाटल्या, डिंक, चौकोनी कागद. बाटलीला चिकटवायची डोसांची पट्टी मी न मोजता कात्रीनं कापायचो आणि ती कधी वेडीवाकडी झाली नाही. वीस पुड्यांची भुकटी कागदांवर नुसत्या नजरेनं वाटून द्यायचो. ही फुशारकी आहे, कबूल. पण तिशी ओलांडलेल्या, मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाकडे फुशारकी मारायला दुसरं होतं काय?

दवाखाना पंचवटीत होता. आमचे डॉक्टर म्हातारे, तापट आणि मनानं फार चांगले. त्यांची एकच सक्त ताकीद होती : पुडीत काय आहे ते कुणालाही सांगायचं नाही. पेशंटला नाही, त्याच्या नातेवाइकाला नाही, दुसऱ्या डॉक्टरला तर मुळीच नाही. सांगितलं की पेशंट उद्यापासून मेडिकलमधून तीच गोळी स्वतः विकत घेणार, चार शेजाऱ्यांना वाटणार, आणि दवाखाना बसणार. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं नाव नसायचं, नंबर असायचा. एक नंबर तापाची, दोन नंबर पोटाची, तीन नंबर नसांच्या दुखण्याची. तेव्हा सगळेच डॉक्टर असं करायचे, त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मला तर उलट मोठेपणाच वाटायचा. गावातली मोठमोठी माणसं खिडकीशी वाकून विचारायची, 'यात काय घातलंय हो?' आणि मी नुसता हसून पुडी बांधायचो.

तीन नंबरच्या पुडीत काय असायचं ते आता सांगायला हरकत नाही. अंगदुखीची एक गोळी, झोप आणणाऱ्या गोळीचा तुकडा, आणि उदासीच्या आजारावर देतात त्या छोट्या गोळीचा एक भाग. ही शेवटची गोळी थोड्या प्रमाणात दिली तर जळणाऱ्या नसा शांत होतात, हे आमच्या डॉक्टरांना कुणा तरुण डॉक्टरनं सांगितलं होतं आणि म्हाताऱ्याला ते पटलं होतं. सगळं खलात घालून एकत्र कुटायचं. कुटल्यावर पांढरी भुकटी. बघणाऱ्याला ती तापाची का नसांची, काही कळायचं नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, अंबडला कारखाने उभे राहू लागले तेव्हा तिकडच्या एका कॉलनीत राहायला गेली होती. दाजी तिथंच कारखान्यात कामाला. आक्का घरी शिलाई करायची. निम्म्या कॉलनीच्या अंगावर तिच्या हातची पोलकी होती, आणि तोंड असं फटकळ की मापं घेता घेता ती बाईची बिनपाण्यानं हजामत करायची. तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण काखेत तिचं पोलकं कधी ओढलं नाही. रविवारी विहारात वंदनेला ती पुढं बसायची आणि तिचा आवाज मागच्या ओळीपर्यंत खणखणीत पोचायचा.

पन्नाशी यायला अजून दोन-तीन वर्षं होती तेव्हा तिला नागीण झाली. डाव्या छातीखालून थेट पाठीपर्यंत पाण्याचे फोड. कॉलनीतल्या बायका रोज बघायला यायच्या, कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकीनं गेरू फासला, एकीनं कसला तरी पाला. मी गेलो आणि सगळ्यांवर ओरडलो. हा नसांचा आजार आहे, याला तोंड नाही न् शेपूट नाही, असं व्याख्यानच झोडलं. आक्का पडल्या पडल्या म्हणाली, "जा रे, डॉक्टर झालास तू." फोड महिनाभरात वाळले, खपल्या पडल्या, आणि बायका नि:श्वास टाकून आपापल्या घरी गेल्या.

दुखणं मात्र गेलं नाही. कातडी वरून बरी दिसायची, थोडे डाग होते इतकंच, पण आतून आग. मिरच्या वाटलेला हात कुणी तिथं चोळावा तशी आग, असं ती सांगायची. आणि त्यात अधूनमधून सुई खुपसल्यासारखी कळ. नुसता पदर घासला तरी ती दचकायची. पंख्याचा वारा लागला तरी ओरडायची. दुसऱ्यांची पोलकी शिवणारी बाई, तिच्या स्वतःच्या अंगाला पोलकं सोसेना. दाजींचा धुऊन धुऊन विरलेला सदरा उसवून तिनं एक सैल झगा केला होता, तो तेवढा चालायचा. तो घालून विहारात कशी जाणार? मग तिनं जाणंच सोडलं.

त्यातच तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आणि तिला मुलगा झाला. आक्कानं नातवाला मांडीवर घेतलं, न्हाऊ-माखू घातलं, पण छातीशी धरता येईना. पोर रडायला लागलं की बाई त्याला खांद्याशी घेते, पाठीवर थोपटते. आक्का त्याला लांब धरायची, दोन्ही हात पुढं करून, आणि लगेच मुलीकडे द्यायची. एकदा म्हणाली, "माझ्याकडे आलं की पोराला वाटत असंल, ही कोण परकी बाई." हे ती हसत म्हणाली, पण मला ते बघवलं नाही.

मी तिला आमच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी तपासून चिठ्ठीवर लिहिलं : तीन नंबर, दिवसातून तीनदा. आक्काच्या पुड्या मी मन लावून बांधायचो. आणि आज लाज सोडून सांगतो, तिच्या कागदावर जरा झुकतं माप टाकायचो. वाणी ओळखीच्या गिऱ्हाइकाला टाकतो तसं. सख्ख्या बहिणीला काटेकोर वाटून कसं द्यायचं, असं मला वाटायचं. औषध म्हणजे शेंगदाणे नव्हेत, हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? रोज दहा जणांना मीच बजावत होतो, 'दोन म्हणजे दोनच घ्या, तिसरी घेऊ नका.' पण ते दुसऱ्यांसाठी.

पुड्यांनी दुखणं रुपयाचं बारा आणे झालं. रात्री थोडी झोप लागू लागली, एवढंच. मग माझ्या कानावर आलं की मुंबईचे एक नसांचे डॉक्टर महिन्यातून एकदा नाशकात येतात. आमच्या डॉक्टरांना न सांगता मी आक्काला घेऊन गेलो. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून नाही सांगितलं. एक गोष्ट झाकली की दुसरी झाकावी लागते, ते तिथून सुरू झालं.

मुंबईचे डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. कापसाचा बोळा आक्काच्या अंगावरून फिरवला, कुठं दचकते ते पाहिलं, कागदावर आकृती काढली. हृदयाची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढून घेतली, ती व्यवस्थित होती. मग म्हणाले, "सध्या काय काय चालू आहे? गोळ्या, पुड्या, काढे, झोपेचं काही, सगळं सांगा. काहीही सोडू नका."

आक्का म्हणाली, "पुड्या घेते. आमच्या डॉक्टरांच्या."

"त्यात काय आहे?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं. अगदी अभिमानानं बघितलं. "हा माझा भाऊच बांधतो की. त्याला विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या क्षणी नुसती नावं घ्यायची होती. तीन नावं. मला तोंडपाठ होती. पण डोळ्यांपुढं आमचे डॉक्टर आले, त्यांची ताकीद आली, हे साहेब त्यांना चिठ्ठी लिहितील आणि माझं बिंग फुटेल ही धास्ती आली. आणि मी म्हणालो, "काही विशेष नाही साहेब. व्हिटॅमिन, आणि थोडं अंगदुखीचं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग आक्काला नीट समजावून सांगितलं. मला ते सगळं शब्दन् शब्द आठवतं. दोन गोळ्या देतो, म्हणाले. एक फिट येणाऱ्यांना देतात ती आहे, एक उदासीच्या आजारात देतात ती. तुम्हाला फिट येत नाही आणि तुम्ही वेड्याही नाही, नावावर जाऊ नका. या दोन्ही गोळ्या दुखणाऱ्या नसेला दोन बाजूंनी आवरतात, म्हणून दोन्ही थोड्या-थोड्या पुरतात. एकीचाच डोस वाढवत नेला तर त्रास जास्त होतो. पण जशा त्या मिळून काम करतात, तशा मिळून गुंगीही आणतात. म्हणून अर्ध्या गोळीपासून सुरू करायचं, दर आठवड्याला थोडी वाढवायची, मनानं वाढवायची नाही आणि मनानं एकदम सोडायचीही नाही. अंथरुणातून झटकन उठायचं नाही. अंगावर पुरळ आलं, फार झापड आली, बोलताना जीभ जड झाली, लघवी अडली, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. झोपेचं दुसरं कुठलंही औषध यासोबत चालणार नाही.

शेवटी आक्कानं विचारलं, "मग त्या पुड्या?"

"व्हिटॅमिनच आहेत ना? राहू देत," ते म्हणाले.

म्हणजे मी बोललो खोटं आणि हुकूम निघाला त्यांच्या तोंडून. बाहेर येऊन मी आक्काला का नाही म्हणालो, की पुड्या आजपासून बंद? म्हणणार होतो. पण तिनं लगेच विचारलं असतं, 'का? आत्ता तर डॉक्टर राहू देत म्हणाले.' मग आत खोटं बोललो ते सांगावं लागलं असतं. मी मनाशी हिशेब घातला. तिच्याकडे आठवडाभराच्या पुड्या शिल्लक आहेत. नव्या गोळ्या तर अर्ध्याच आहेत. पुढच्या खेपेला आली की खरंच नुसत्या व्हिटॅमिनच्या पुड्या बांधून देईन, तिला पत्ताही लागणार नाही. आठवड्यात काय होतंय? मी सासुरवाडीला पिंपळगाव बसवंतला निघून गेलो, तिथं मेव्हण्याच्या द्राक्षांची तोडणी होती. चार दिवस मजेत राहिलो. द्राक्षं खाल्ली, पत्ते कुटले.

परत आलो तर कारखान्यातला एक माणूस दुपारी दवाखान्यात निरोप घेऊन आला. आक्का न्हाणीत पडली होती, तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

मी पोचलो तेव्हा ती डोळे उघडून छताकडे बघत होती आणि आमच्या आईशी बोलत होती. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. जीभ जड, ओठ कोरडे, लघवीला नळी घातलेली, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. दाजी खाटेच्या कडेला बसले होते. त्यांच्या खिशात त्या दोन नव्या गोळ्यांची पाकिटं होती.

"चार दिस लय चांगली होती, भाऊ," ते म्हणाले. "पोलकं घातलं. पोराला असं छातीशी घेऊन झोपली. मी म्हनलं, देव भेटला आपल्याला. मग एकाएकी झोपाळल्यागत करायला लागली. बोललं तर समजंना. आज सकाळी पडली." मग त्यांनी पाकिटं माझ्यासमोर धरली. "त्या मुंबईवाल्यानं इख दिलं बघा. इख."

इथल्या डॉक्टरांनी पाकिटं बघितली होती आणि या बाईला ही औषधं सोसली नाहीत असं म्हणून बंद केली होती. आणखी काही घेत होत्या का, हे त्यांनीही दाजींना विचारलं होतं. दाजी नाही म्हणाले. पुडी म्हणजे घरचीच गोष्ट, मेव्हण्यानं बांधलेली, व्हिटॅमिनची. ती कशाला सांगायची?

मी दाजींना म्हणालो, मी घरी जाऊन तिचे कपडे घेऊन येतो. अंबडला गेलो. शिवणाच्या मशीनवर पत्र्याचा डबा होता, त्यात दोऱ्यांच्या रिळांशेजारी माझ्या पुड्या. पाच उरल्या होत्या. म्हणजे एकही न चुकवता तिनं बाकीच्या घेतल्या होत्या. उदासीच्या गोळीवर पुन्हा तीच गोळी, आणि वर झोपेचा तुकडा, आणि वर माझं झुकतं माप. मी त्या पाचही पुड्या सदऱ्याच्या खिशात घातल्या. लुगडं, टॉवेल, तांब्या घेऊन दवाखान्यात परत गेलो. वाटेत नदीवर थांबलो आणि पुड्या पाण्यात टाकून दिल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना काय ते सांगायला हवं होतं, निदान उपचाराला उपयोग झाला असता. तेवढीही अक्कल भीतीनं चालू दिली नाही. ती वाचली ते तिच्या नशिबानं, माझ्यामुळं नाही.

दोन दिवसांत ती शुद्धीवर आली. आठवड्यानं घरी गेली. आणि जळजळ सोळा आणे परत आली. मी म्हणालो, आक्का, आपण त्या डॉक्टरांना परत भेटू, ते डोस कमी करतील. तिनं हातच जोडले. "गोळी नको रे बाबा. तुझ्या पुड्याबी नको. वेड लागून मरण्यापेक्षा दुखलेलं बरं." दाजी तर मुंबईवाल्याचं नाव काढलं की शिव्याच द्यायचे. कॉलनीभर झालं, की अमक्या डॉक्टरच्या गोळ्यांनी बाई येडी झाली होती. बिचाऱ्यानं सगळं रीतसर केलं होतं. विचारायचं ते विचारलं, सांगायचं ते सांगितलं. त्याचं नाव खराब झालं आणि मी मान डोलवत बसलो.

मग सात वर्षं गेली.

एवढंच लिहून पुढं जावंसं वाटतं, पण ते बरोबर होणार नाही. सात वर्षं तिनं सैल झग्यात काढली. मनगट वाकडं जुळलं, त्यामुळं शिलाईही सुटली. वंदनेचा आवाज गेला तो गेलाच. उन्हाळ्यात पंखा नको, थंडीत गोधडी नको. थट्टा करणारी बाई चिडचिडी झाली. मुलगी पुढं कमी येऊ लागली, कारण नातू आजीजवळ जायला मागायचा आणि आजी त्याला हातभर लांब ठेवायची. मी दर रविवारी जायचो. कधी मलमलचा तुकडा घेऊन जायचो, कधी कुणी सांगितलेलं तेल, कधी सुरगाण्याकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवलेली जडीबुटी. ती तेल लावू द्यायची नाही. मी बसायचो, 'कसं आहे आक्का' म्हणायचो, ती सांगायची, मी चुकचुकायचो. आणि मला माहीत होतं. तिला आराम पडू शकतो, पडलाही होता, फक्त माझी पुडी मधून काढायला हवी होती, हे मला प्रत्येक रविवारी माहीत होतं.

आधी आमच्या डॉक्टरांचं नाव जाईल म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. चौथ्या वर्षी ते वारले. दवाखाना बंद झाला, मी एका मेडिकलमध्ये नोकरीला लागलो, तिथं सगळं नावानिशी पाकिटात, लपवायला काही उरलंच नाही. तरी बोललो नाही. तेव्हा कळलं की मी त्यांना नाही, मलाच वाचवत होतो.

बोललो तो एका रविवारी. नातू सात वर्षांचा, मुलगी सुट्टीला आलेली. पोरगं बाहेरून पळत आलं, कॉलनीतल्या पोरांच्या शर्यतीत पहिला नंबर आला म्हणून आजीला सांगायचं होतं, आणि त्याच झोकात त्यानं तिच्या कमरेला मिठी मारली. आक्कानं किंचाळून त्याच्या थोबाडीत मारली. पोर आधी गोंधळलं, मग रडत आईकडे पळालं. आक्का भिंतीला टेकून उभी होती. एका हातानं कूस धरलेली, दुसरा, ज्यानं मारलं तो, तिनं स्वतःच्या तोंडात धरून चावला होता. मी बघितलं, दात उठले होते.

मुलगी पोराला घेऊन बाहेर गेली. दाजी रविवारच्या पाळीला गेले होते. मी सगळं सांगितलं. तीन नावं सांगितली, जी सात वर्षांपूर्वी सांगायची होती. डॉक्टरांपुढं बोललो ते खोटं सांगितलं, नदीत टाकलेल्या पाच पुड्या सांगितल्या, झुकतं मापही सांगितलं.

मला वाटलं ती उठून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली. मग म्हणाली, "ते चार दिवस. मला बरं वाटत होतं ते. ती विषाचीच गुंगी होती ना?"

"नाही आक्का. औषध लागू पडलं होतं. जास्त झालं, म्हणून पुढचं सगळं झालं."

"म्हणजे नुसत्या त्यांच्या घेतल्या असत्या तर?"

"बहुतेक उतार पडला असता. अगदी सगळं नाही, पण पोलकं घालण्याइतका तरी पडला असता."

ती झग्याच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाली, "मग चल की. आता घेते. त्यांना सांग, पुडी नाही, काढा नाही, काही नाही. ते देतील तेवढंच."

मला रडू आलं, म्हटलं, एवढ्यावर सुटलो. पुढच्या महिन्यात मुंबईचे डॉक्टर आले तेव्हा आम्ही दोघं गेलो. आक्कानं स्वतःच सगळं सांगितलं, आणि मी काय दडवलं होतं तेही सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे एकदाच बघून पुन्हा तिच्याकडे वळले. हृदयाची पट्टी काढली. ती हातात धरून ते बराच वेळ बघत बसले, मग दुसऱ्यांदा काढली.

"चक्कर येते का मधूनमधून? दम लागतो?"

"वयच झालं," आक्का म्हणाली.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. हृदयाच्या ठोक्याचा निरोप खाली पोचायला अडतोय, म्हणाले. आधी त्याचे उपचार करायला हवेत. आणि या हृदयावर त्या दोन गोळ्या देता येणार नाहीत. एकही नाही. थोडीसुद्धा नाही. ठोका आणखी मंद होऊन जीव जाऊ शकतो. दुसरं काही लावायचं मलम वगैरे देऊन बघू, पण त्याच्याकडून फार आशा धरू नका.

"तेव्हा चाललं असतं?" आक्कानं विचारलं. "सात वर्षांपूर्वी?"

खोटं बोलणं डॉक्टरांना सोपं होतं, पण ते खरं तेच बोलले. "हो. तेव्हा तुमचं हृदय चांगलं होतं."

बाहेर येऊन आम्ही बसथांब्यावर उभे राहिलो. उन्हं होती, बाकडं रिकामं होतं, तिला म्हटलं बस, ती बसली नाही. झगा अंगाला लागू नये म्हणून तिनं तो डाव्या हाताच्या चिमटीत पुढं ओढून धरला होता. मी म्हणालो, "आक्का, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. माफ कर मला."

ती माझ्याकडे न बघता बोलली, अगदी हळू. "पुडी चुकली ते तू सांगितलंस तेव्हाच मी माफ केलं. माणूस चुकतं. पण दर रविवारी मी तुझ्यासमोर कळवळत होते, आणि तू माझ्याच हातचा चहा पीत बसला होतास."